सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी आवाज ऐका

कौंडण्यपूरची कार्तिक यात्रा झाली की, आणि वैशाखातली लग्नसराई ओसरली की, वाचकांकडून एकाच तऱ्हेची विचारणा येते : "दर्शन करून आलो, किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता घर्र वाजते, इंजिन काही घेऊन नाही राह्यलं. आता बॅटरी टाकू का सेल्फ?" भोवती जमलेल्यांपैकी निम्मे बॅटरी गेली म्हणतात, निम्मे सेल्फ जळला म्हणतात. मग गाडी ओढून नेली जाते, नवी बॅटरी बसते आणि आठ दिवसांनी तोच आवाज पुन्हा येतो.

रुक्मिणीचं माहेर असलेलं कौंडण्यपूर तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर आहे. अमरावती इथून चाळीसेक किलोमीटर. अलीकडे कुऱ्हा आणि तिवसा, नदीपलीकडे आर्वी. देवळाजवळ त्या क्षणी ऑटो इलेक्ट्रिशियन भेटेलच असं नाही. म्हणून पहिलं निदान तुम्हालाच करता आलं पाहिजे, आणि ते करता येतं. त्यासाठी हत्यारं लागत नाहीत, कान आणि डोळे लागतात.

आधी ही एक मिनिटाची चाचणी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला. ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी'वर आणि पाय ब्रेकवर. हेडलाइट लावा, एखाद्याला गाडीपुढे, पण बाजूला उभं करा आणि किल्ली फिरवा. दोन गोष्टी टिपा : दिव्याचं काय झालं आणि आवाज कसला आला.

- दिवे आधीच मंद होते किंवा किल्ली फिरवताच विझत गेले आणि 'टिक-टिक-टिक' असा भराभर आवाज आला : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेलं आहे.
- दिवे टिकले, एकदाच 'खट्' झालं आणि पुढे काही नाही : सोलेनॉइड, कार्बन किंवा अर्थिंग.
- दिवे टिकले, आवाजच नाही : सेल्फपर्यंत हुकूम पोचत नाही. फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, क्लचखालचा स्विच.
- दिवे टिकले आणि मोटर मोकळी फिरल्यासारखी 'घर्रऽऽ' वाजली, इंजिन मात्र हललंही नाही : बेंडिक्स किंवा फ्लायव्हीलची रिंग.
- इंजिन नेहमीसारखं फिरतंय, पण पेट घेत नाही : सेल्फ निर्दोष आहे. दोष इंधनात, स्पार्कमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधायचा.

या पाचपैकी तुमचा प्रकार कोणता, ते गॅरेजला फोन करतानाच सांगा. 'गाडी चालू होत नाही' एवढंच सांगितलंत, तर समोरचा माणूस अंदाजाने सुरुवात करेल आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भराल.

सेल्फचं काम कोणत्या क्रमाने चालतं

पुढचं समजायला एवढाच क्रम पुरे. किल्ली फिरवली की एका बारीक वायरीतून सोलेनॉइडला करंट जातो. सोलेनॉइड आतला दांडा ओढतो. दांड्याला जोडलेला फोर्क छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे ढकलतो आणि ते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकतं. पिनियन पूर्ण आत गेल्यावर सोलेनॉइडमधले तांब्याचे जाड संपर्क जुळतात, बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो आणि इंजिन फिरतं. पेट्रोल गाडीत हा करंट साधारण शंभर ते दोनशे अँपिअर असतो, डिझेलमध्ये त्याहून जास्त. त्यामुळे टर्मिनलवरचा थोडासा पांढरा-हिरवा थरही इथे आडवा येतो. त्याच थरातून हेडलाइटपुरता करंट आरामात जातो. 'दिवे तर लागतायत, मग बॅटरी ठीकच असणार' हा समज याच कारणाने फसवतो.

घर्र आवाज : मोटर फिरते, इंजिन फिरत नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि पैसेही इथेच वाया जातात. मोटर जोरात फिरतेय याचा अर्थ बॅटरी, किल्ली, रिले आणि मोटरचे कार्बन आपापलं काम करत आहेत. या आवाजावर नवी बॅटरी घ्यायला सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. दोष बहुधा तीनपैकी एका जागी सापडतो.

पहिली आणि नेहमीची जागा म्हणजे बेंडिक्स, अर्थात पिनियनमागचा एकाच दिशेने पकडणारा क्लच. आतले रोलर झिजले की पिनियन रिंगमध्ये जातं, पण मोटरचा जोर त्याच्यापर्यंत पोचत नाही. सुरुवातीला दहापैकी एखाद्या वेळी असं होतं, मग वाढत जातं. बहुतेक गाड्यांसाठी बेंडिक्स सुटं मिळतं आणि संपूर्ण सेल्फपेक्षा बरंच स्वस्त पडतं. दुरुस्तीच्या वेळी एका गोष्टीवर लक्ष ठेवा : अनेक ठिकाणी सेल्फ खोलला की सगळे भाग पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या डब्यात बुडवून धुतात. बेंडिक्स तसं धुवायचं नसतं. त्याच्या आत कारखान्यात भरलेलं ग्रीस असतं, ते धुऊन निघालं की चांगलं बेंडिक्सही काही महिन्यांत घसरू लागतं. ते कोरड्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा.

दुसरी जागा म्हणजे पिनियन ज्या दांड्यावर सरकतं तो दांडा आणि फोर्क. सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशी, बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूला बसवलेला असतो. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली की ते पाणी आणि काळ्या मातीचा गाळ तिथे शिरतो. दांड्यावर गंज धरतो, पिनियन मध्येच अडतं. साफ करून कंपनीने सांगितलेल्या जातीचं पातळ ग्रीस अगदी थोडं लावलं की काम होतं. भरपूर ग्रीस थापलं तर क्लचची धूळ त्याला चिकटून पुन्हा तीच अवस्था येते. फोर्क प्लॅस्टिकचा असेल तर तो तुटलेला नाही ना, तेही पाहून घ्या.

तिसरी जागा खर्चाची : फ्लायव्हीलच्या रिंगचे दात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळे पिनियन दर वेळी त्याच थोड्या दातांवर आदळतं आणि तेवढेच दात झिजतात. याची खूण स्पष्ट आहे. सेल्फ कधी लागतो, कधी नुसता खरखरतो, आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून थोडी पुढे-मागे ढकलली की लगेच लागतो. ढकलल्यावर दर वेळी फरक पडत असेल, तर संशय रिंगवर. ढकलूनही फरक पडत नसेल, तर संशय बेंडिक्सवर.

रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी मोठी असते. असा खर्च मान्य करण्याआधी एक मागणी करा. सेल्फ काढला की तिथे एक भोक दिसतं. त्यातून टॉर्च मारून रिंगचे दात बघायचे आणि इंजिन पान्याने हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवून सगळे दात बघायचे. चार दात बघून 'रिंग चांगली आहे' म्हणणं किंवा 'रिंग गेली' म्हणणं, दोन्ही अपुरं. रिंग खरंच गेली असेल आणि क्लचप्लेटही बरीच चाललेली असेल, तर दोन्ही कामं एकदमच करून घ्या. गिअरबॉक्स दोनदा उतरवण्याची मजुरी वाचते. कित्येक फ्लायव्हीलवर रिंग तापवून चढवलेली असते आणि सुटी मिळते. पूर्ण फ्लायव्हील बदलायलाच लागेल असं कुणी म्हणालं, तर सुटी रिंग का चालत नाही हे विचारा.

एकदाच 'खट्'

सोलेनॉइडने दांडा ओढला, पण मोटर फिरली नाही. आतले तांब्याचे संपर्क जळले असतील, कार्बन संपले असतील किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल असेल. मल्टिमीटर असलेला कोणताही इलेक्ट्रिशियन हे दहा मिनिटांत वेगळं करून दाखवू शकतो, आणि त्याने ते दाखवावं असा आग्रह धरा :

- गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली.
- सेल्फ मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेली तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर अडकून जास्त करंट ओढते आहे.
- सेल्फ मारत असताना बॅटरीच्या अधिक टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत 0.5 व्होल्टहून जास्त घट नको, आणि वजा टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंत 0.2 व्होल्टहून जास्त नको. जास्त दिसली तर दोष केबलमध्ये किंवा जोडणीत आहे. साफसफाई आणि एक नवी केबल एवढ्यात काम भागतं.
- इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. नसतील तर नवी बॅटरीही उतरणार, कारण आल्टरनेटर ती भरतच नाही.

हे पाच आकडे कागदावर लिहून घ्या. गॅरेज बदलावं लागलं तर पुन्हा शून्यापासून सुरुवात होत नाही.

गाडी नुकतीच पुराच्या पाण्यातून आली असेल आणि 'खट्' होऊन इंजिन जागचं हलत नसेल, तर मात्र किल्ली पुन्हा फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी गाडी ओढूनच न्यायची.

टिक-टिक-टिक

हा बॅटरीचा आवाज. तरी नवी घेण्याआधी 10 नंबरच्या पान्याने टर्मिनल काढा (आधी वजा, मग अधिक), गरम पाण्याने थर धुवा, कोरडं करून घट्ट बसवा. बसवताना आधी अधिक, मग वजा. निम्म्या गोष्टी इथेच मिटतात असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आपल्या वऱ्हाडात बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात अमरावती-अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. पाणी उडतं, प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात झालेली ही इजा दिसते मात्र डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा थंड इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पुण्या-मुंबईहून वर्षातून दोन-तीनदा गावी येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं : उभ्या गाडीचं घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडा थोडा करंट ओढतच असतात. महिनाभर उभी राहणार असेल तर वजा टर्मिनल काढून ठेवा. कापूस-सोयाबीन साठवलेल्या घराशेजारी गाडी उभी असेल तर वायरी उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत ना, तेही बॉनेट उघडून बघा.

आवाजच नाही

क्लच पूर्ण दाबा. अनेक नव्या गाड्यांत त्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही, आणि पायाखालची जाडी मॅट मध्ये आली तरी स्विच दाबला जात नाही. ऑटोमॅटिकमध्ये 'पी'वर लागत नसेल तर 'एन'वर प्रयत्न करा. 'एन'वर लागला तर गिअरच्या स्विचचा दोष. बटणाची गाडी असेल तर रिमोट बटणाला टेकवून पाहा, त्याचा सेल उतरलेला असू शकतो. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरा. मग फ्यूज आणि रिले. फ्यूजपेटीत तशाच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहता येते.

रस्त्यात अडकलात तर

घर्र किंवा 'खट्' आवाज असेल तर आधी इग्निशन बंद करून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हात-दोन हात पुढे-मागे ढकला. मग न्यूट्रल करून सेल्फ मारा. नाही लागला तर एकाने किल्ली धरावी आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर पान्याच्या मागच्या बाजूने हलके ठोके द्यावेत. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवाच. लागला तर गाडी बंद न करता थेट इलेक्ट्रिशियनकडे जा, ही दुरुस्ती नव्हे.

धक्का स्टार्ट फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीत. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने धावत्या माणसाचा वेग घेतला की क्लच झटकन सोडा आणि इंजिन धरताच पुन्हा दाबा. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. म्हणून नदीकाठच्या उतारावर, पात्राकडे तोंड करून धक्का कधीही मारू नका.

जंपर केबल लावताना क्रम असा : लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. खेड्यात कारपेक्षा ट्रॅक्टर लवकर मिळतो. ट्रॅक्टरची यंत्रणा सहसा 12 व्होल्टची असते, त्यामुळे तो चालतो, पण बॅटरीवरचा आकडा वाचूनच जोडा. मोठ्या ट्रक-बसमध्ये बहुधा 24 व्होल्ट असतात. त्यांना जोडलंत तर गाडीचा संगणक जाईल.

किल्ली एका वेळी दहा सेकंदांहून जास्त धरू नका, मध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबा. आणि सोलेनॉइडची दोन टोकं पान्याने किंवा पेचकसाने जोडून 'डायरेक्ट' मारणं, जे ट्रॅक्टरवर सर्रास केलं जातं, ते कुणालाही करू देऊ नका. त्यात क्लचचा स्विच आणि किल्ली दोन्ही टळतात. गाडी गिअरमध्ये असेल तर ती सुरू होताच शेजारी वाकलेल्या माणसाच्या अंगावर जाते. अशाने माणसं चाकाखाली गेली आहेत.

मोझरी-तिवसामार्गे जाणाऱ्या नागपूर महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग 53) बंद पडलात तर 1033 वर फोन करा, जिवाला धोका असेल तर 112 वर. गाडी नवी असेल किंवा विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम जोडलेलं असेल, तर त्यांचा नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा.

गॅरेजमध्ये

सेल्फचं काम मोठ्या मेकॅनिकपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियनला जास्त कळतं. सेल्फ उतरवल्यावर तो तुमच्यासमोर बॅटरीला जोडून फिरवून दाखवायला सांगा : पिनियन पुढे येतं का, आणि हाताने एका बाजूला मोकळं, दुसऱ्या बाजूला घट्ट फिरतं का. दोन्ही बाजूंना मोकळं फिरलं तर बेंडिक्स गेलं. कार्बन, बुश, सोलेनॉइड, बेंडिक्स हे सगळे भाग बहुतेक सेल्फमध्ये सुटे बदलता येतात. आर्मेचर जळलं असेल किंवा बॉडीला भेग असेल तरच पूर्ण सेल्फ बदलणं रास्त. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत साधी बॅटरी टाकू देऊ नका, ती लवकर बसते.

काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर तीन ओळी लिहून घ्या : तक्रार काय, अंदाजे खर्च किती आणि काढलेला जुना भाग परत मिळेल. जुना भाग हातात असला की दुसऱ्याचं मतही घेता येतं. जुनी बॅटरी मात्र घरी ठेवू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. ती विक्रेत्याकडे जमा करून नव्या बॅटरीत तिची किंमत वळती करून घ्या.

तुमचे हक्क

बिल मागितल्यावर न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर भागाचं नाव, वॉरंटी आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का नसेल तर पुढे कुणी ओळख देत नाही. पूर्ण बदलून मिळण्याची मुदत किती आणि त्यानंतर नुसती सूट किती, हेही तिथेच वाचा.

बिलाची रक्कम पटली नाही आणि गॅरेजने गाडी अडवली, तर हुज्जत घालू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क कारागिराला भारतीय करार कायद्याच्या कलम 170 ने दिलेला आहे. बिलावर 'रक्कम अमान्य, हरकत नोंदवून भरत आहे' असं लिहा, पैसे भरा, गाडी घ्या आणि मग तक्रार करा.

विम्याकडून सेल्फच्या झिजेची किंवा बिघाडाची भरपाई मिळत नाही. विद्युत आणि यांत्रिक बिघाड प्रमाणित पॉलिसीतून वगळलेले असतात. पाणी शिरून इंजिन गेलं, तर इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलेलं असेल तरच सहसा आशा, आणि पाण्यात वारंवार सेल्फ मारल्याचं दिसलं तर दावा अडतो.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं. न मिटल्यास तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. म्हणजे आर्वीत काम करून घेतलेल्या तिवशाच्या माणसाला अमरावतीत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. काळी-पिवळी किंवा एखादी गाडी स्वतः चालवून पोट भरणाऱ्यांनी 'आपण धंदेवाले, आपल्याला हा कायदा नाही' असं समजू नये. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू या कायद्यात येते.

कारण घडल्यापासून तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. बिल, जॉब कार्ड आणि व्होल्टचे ते पाच आकडे तोपर्यंत एकाच पाकिटात जपून ठेवा.